किती डोस पुरे, हे कुणी विचारायचं?

२००४ साली 'ब्लड' या रक्तविज्ञानाच्या नियतकालिकात एका चाचणीचा निकाल छापून आला. तेव्हा त्याची फारशी चर्चा झाली नाही. तरी कर्करोगाच्या औषधांच्या किमतीबद्दल आपल्याकडे जे कुणी तळमळीने बोलतात, त्या सगळ्यांनी तो एकदा नीट वाचावा असं मला वाटतं. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाच्या ४०७ रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना औषध एकच, इंटरफेरॉन अल्फा. पहिल्या गटाला तेव्हा रूढ असलेला मोठा डोस मिळाला: शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ५० लाख युनिट, आणि तेही रोज. दुसऱ्या गटाला सरसकट ३० लाख युनिट, आठवड्यातून पाच दिवस. मध्यम बांध्याच्या माणसाचं क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर धरून हिशेब केला, तर पहिल्याच्या अंगात आठवड्याला ५ कोटी ६० लाख युनिट जात होते, दुसऱ्याच्या अंगात दीड कोटी.

जवळपास चौपट औषध घेऊन पहिल्या गटाला जास्त काय मिळालं? आयुष्य वाढलं नाही. रक्तातल्या पेशी आटोक्यात येण्याचं प्रमाण वाढलं नाही, या रोगाच्या मुळाशी असलेलं दोषी गुणसूत्र कमी होण्याचंही नाही. वाढला तो त्रास, आणि त्रासापायी औषध सोडणाऱ्यांची संख्या.

हा निकाल आला तेव्हा इमॅटिनिब ही सीएमएलवरची नवी गोळी बाजारात येऊन तीन वर्षं होत आली होती. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि सीएमएलच्या उपचारातून इंटरफेरॉन मागे पडलं. जवळजवळ वीस वर्षं ज्या औषधाने लोकांना रात्र रात्र तापाने फणफणायला लावलं, ते नेमकं किती पुरतं याचं पक्कं उत्तर गरज संपल्यावर हाती आलं. याला मी योगायोग मानत नाही. तो प्रश्न आधी विचारण्यात कुणाचाच फायदा नव्हता, म्हणून तो विचारला गेला नाही. ज्या प्रश्नात कुणाचा फायदा नसतो पण सगळ्यांचं हित असतं, तो विचारणं हे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांचं काम आहे. आपल्या देशाने हे काम आपलं म्हणून अंगावर घ्यावं, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

पण त्यासाठी इंटरफेरॉन रक्ताच्या कर्करोगाच्या पेशीला करतं तरी काय, हे आधी पाहायला हवं. चौपट डोसाचा चौपट परिणाम का झाला नाही, याचं उत्तर त्या पेशीतच आहे.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिल इथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि झाँ लिंडेनमान यांनी लावला. विषाणूची लागण झालेल्या पेशी एक प्रथिन बाहेर सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशी सावध होतात, हे त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पापुद्र्यावर दाखवलं. कर्करोगाशी तेव्हा त्याचा काही संबंध नव्हता. पाचच वर्षांनी, १९६२ मध्ये, पाउकर, कांटेल आणि हेन्ले यांना दिसलं की इंटरफेरॉनमध्ये ठेवलेल्या उंदराच्या पेशींची वाढही मंदावते. बऱ्याच जणांना वाटलं, औषध अशुद्ध आहे, ही करामत त्यातल्या भेसळीची असेल. ती शंका पुरती फिटायला शुद्ध इंटरफेरॉन हाती यावं लागलं.

ज्यांनी पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यांना हा परिणाम सूक्ष्मदर्शकाआधी नुसत्या डोळ्यांनीच दिसतो. १९६७ च्या सुमारास आफ्रिकेतल्या एका बर्किट लिंफोमाच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका कर्करोगाच्या, रुग्णाच्या गाठीतून डौडी नावाच्या पेशी वेगळ्या काढल्या गेल्या. त्या आजही जगभर वापरात आहेत. त्या फ्लास्कच्या तळाला चिकटत नाहीत, गुलाबी पोषकद्रवात तरंगत वाढतात. पेशी वाढल्या की द्रव आंबट होतो, आणि त्यात मिसळलेला रंग गुलाबीवरून केशरी, मग पिवळा होत जातो. दोन फ्लास्कमध्ये सारख्याच पेशी सोडा, एकात मिलिलिटरमागे अगदी थोडे युनिट इंटरफेरॉन घाला. तीन-चार दिवसांनी साधा फ्लास्क पिवळा पडून गढुळलेला असतो. इंटरफेरॉनचा फ्लास्क अजून गुलाबीच. त्यातल्या पेशी मोजायला घेतल्या तर बहुतेक जिवंत सापडतात. मेलेली पेशी निळा रंग आत शिरू देते, या देत नाहीत. त्यांनी फक्त विभागणं थांबवलेलं असतं. वाढीला रेटा देणाऱ्या मिक या जनुकाचा आवाज खाली आलेला असतो, आणि पेशी डीएनएची नक्कल करण्याच्या आधीच्या टप्प्यावर अडून बसलेली असते.

आता त्याच आजाराची दुसरी पेशी घ्या, नामाल्वा. तीही बर्किट लिंफोमातूनच आलेली. ब्रिटनच्या वेलकम कंपनीने या पेशी मोठमोठ्या टाक्यांमध्ये वाढवल्या आणि त्यांच्याकडूनच इंटरफेरॉन बनवून घेतलं. एकाच रोगाच्या दोन पेशी. एक थेंबभर इंटरफेरॉनने थबकते, दुसरी ते स्वतःच तयार करत वाढत राहते. 'प्रयोगशाळेत अमुक पदार्थाने कर्करोगाच्या पेशी रोखल्या' अशी बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या पेशी? आपल्या वर्तमानपत्रांत हळदीपासून पपईच्या पानांपर्यंत अशा बातम्या सतत येतात आणि हा साधा प्रश्न त्यात क्वचितच विचारलेला असतो.

इंटरफेरॉन पेशीच्या आत शिरून काही जाळत-पोळत नाही. ते पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं, बस. तिथून पुढे जॅक१ आणि टायक२ ही विकरं जागी होतात, ती स्टॅट१ आणि स्टॅट२ या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतात, ही जोडी तिसऱ्या एका प्रथिनाला घेऊन केंद्रकात जाते आणि शेकडो जनुकं चालू करते. हे दारावर दिलेल्या निरोपासारखं आहे. निरोप पोचला की काम सुरू होतं. तोच निरोप दहा माणसांकरवी पाठवला म्हणून काम दहापट होत नाही. पेशीवरचे रिसेप्टर मोजकेच, काही शे ते काही हजार. ते भरले की जास्तीचं इंटरफेरॉन नुसतं रक्तात फिरतं. शिवाय निरोप घेतलेली पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेते, आणि पुढचा काही काळ नव्या इंटरफेरॉनला मिळणारा प्रतिसाद मंदावणारं एक ब्रेकचं प्रथिनही बनवते.

यातला सर्वांत सुंदर प्रयोग मला वाटतं आयन ग्रेसर यांचा. १९७० च्या आसपास पॅरिसजवळ ते उंदरांमधल्या ल्युकेमियावर काम करत होते. इंटरफेरॉनला अजिबात दाद न देणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशी त्यांनी मुद्दाम तयार केल्या, आणि त्या उंदरांना टोचल्या. तर्काने पाहिलं तर इंटरफेरॉनचा उपयोग शून्य व्हायला हवा होता. पण इंटरफेरॉन दिलेले उंदीर तरीही जास्त जगले. म्हणजे औषधाचा निरोप कर्करोगाच्या पेशीने ऐकला नाही, तरी उंदराच्या शरीराने तो ऐकला होता. फ्लास्कमधल्या मोजणीत ही गोष्ट कधीच दिसली नसती. पुढे माणसांतही तेच आढळलं: इंटरफेरॉनने ज्यांचा सीएमएल चांगला आटोक्यात आला, त्यांच्या रक्तात ल्युकेमियाची पेशी ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या.

मग मोठे डोस का दिले गेले? याचं उत्तर डोसाच्या इतिहासात आहे. सत्तरच्या दशकात जगातलं बहुतेक इंटरफेरॉन हेलसिंकीत कारी कांटेल बनवत. रक्तदात्यांच्या रक्तातला पांढऱ्या पेशींचा थर घ्यायचा, त्यावर सेंडाय विषाणू सोडायचा, पेशींनी गाळलेलं इंटरफेरॉन गोळा करायचं. औषध इतकं दुर्मिळ की १९७८ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने केवळ ते विकत घेऊन चाचण्या करायला २० लाख डॉलर बाजूला काढले. या टंचाईमुळे डोस छोटेच ठेवावे लागत. अशाच टंचाईतल्या इंटरफेरॉनने, रोज ३० लाख युनिट देऊन, ह्यूस्टनला केसाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या दुर्मिळ कर्करोगाच्या सात रुग्णांवर उपचार केले. सातही जणांना गुण आला, तिघांमध्ये तर रोगाचा मागमूस उरला नाही. हा निकाल १९८४ चा. दोन वर्षांनी, जून १९८६ मध्ये, अमेरिकेत इंटरफेरॉनला पहिली मान्यता मिळाली ती याच आजारासाठी.

तोवर झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने इंटरफेरॉनचं जनुक जिवाणूत बसवलं होतं. १९८० नंतर औषध हवं तेवढं बनू लागलं. आणि हवं तेवढं बनू लागताच डॉक्टरांनी आणि कंपन्यांनी जुनी सवय पुढे चालवली: रुग्णाला सोसवेल तितका डोस वाढवत न्यायचा, आणि सोसेनासा झाला की एक पायरी खाली येऊन तो ठरवून टाकायचा. पेशी मारणाऱ्या केमोथेरपीच्या औषधांसाठी ही पद्धत बनलेली होती. तिथे तिला काही अर्थ आहे. जे औषध पेशीला मारत नाही, फक्त सांगतं, त्याला ती लावण्यात काय अर्थ होता?

या सवयीची किंमत रुग्णांनी मोजली. संध्याकाळी आधी पॅरासिटामॉलची गोळी घ्यायची, मग फ्रीजमधली कुपी काढून मांडीच्या किंवा पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन, म्हणजे हुडहुडी आणि ताप झोपेत निघून जातील. सुरुवातीचे आठवडे असे जात. पुढे ताप कमी होई, पण थकवा बसत नसे. जेवण जात नाही, वजन उतरतं, आणि काही जणांना असं नैराश्य घेरतं की घरातल्यांना माणूस ओळखू येत नाही. हे नैराश्य औषधाचं आहे, रुग्णाचा स्वभाव बदललेला नाही, हे कित्येक घरांत कुणी सांगितलंही नसेल. यातला काही भाग अटळ होता, कारण इंटरफेरॉनने केमोथेरपीपेक्षा आयुष्य खरंच वाढत होतं. १९९७ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण इंटरफेरॉनवर ५७ टक्के आणि केमोथेरपीवर ४२ टक्के निघालं. पण चौपट डोसामुळे जे सोसावं लागलं, ते अटळ नव्हतं.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं, आता इंटरफेरॉन देतं कोण? एक तर देतात. गर्भवती स्त्रीला सीएमएल असेल तर इमॅटिनिबने बाळाला धोका असतो, तिथे इंटरफेरॉन कामी येतं. पॉलिसायथेमिया व्हेरा या रक्त दाट करणाऱ्या मंद कर्करोगात तर ते नव्या रूपात परतलं आहे. पंधरा दिवसांतून एकदा टोचायच्या रोपेगइंटरफेरॉनला युरोपने २०१९ मध्ये आणि अमेरिकेने २०२१ मध्ये मान्यता दिली. तिथे त्याचा डोस हळूहळू ५०० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढवत नेता येतो. इटलीत बेर्गामोच्या बार्बुई यांच्या गटाने मात्र कमी धोक्याच्या रुग्णांना ठरावीक १०० मायक्रोग्रॅमच दिले आणि नुसतं रक्त काढून टाकण्याच्या उपचाराशी तुलना केली. बारा महिन्यांनी औषधाच्या गटातल्या ५० पैकी ४२ जणांचं रक्त आटोक्यात होतं, दुसऱ्या गटात ५० पैकी ३०.

दुसरं म्हणजे, तीच चूक नव्या औषधांत पुन्हा घडताना दिसते. सीएमएलचंच औषध दासॅटिनिब घ्या. २००६ मध्ये ते दिवसाला १४० मिलिग्रॅम म्हणून आलं. फुफ्फुसाभोवती पाणी साठायला लागलं, तेव्हा पुढच्या वर्षी सीएमएलच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी ते १०० वर आणलं. नंतर ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी नव्या रुग्णांना ५० वर ठेवून पाहिलं आणि रोग उत्तम आटोक्यात राहिला. सीएमएलचंच आणखी एक औषध, पोनॅटिनिब, ४५ मिलिग्रॅमवर बाजारात आलं आणि रक्तवाहिन्या तुंबल्याच्या तक्रारींमुळे २०१३ मध्ये काही काळ अमेरिकेत त्याची विक्री थांबवावी लागली. आता रोग आटोक्यात आला की ते १५ वर आणतात. प्रत्येक वेळी औषध विकायला आधी मान्यता, आणि 'किती पुरे' हा प्रश्न नंतर.

आपल्याकडे हा प्रश्न विचारला गेला तेव्हा काय झालं तेही पाहू. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी झाली. रक्ताचा कर्करोग नव्हे, पण मुद्दा तोच. निवोलुमॅब नावाचं प्रतिकारशक्तीवरचं महागडं औषध रूढ डोसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला ते दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. या चाचणीत पूर्ण डोसाशी तुलना नव्हती, त्यामुळे छोटा डोस मोठ्याइतकाच चांगला असं तिच्यावरून म्हणता येणार नाही. पण ज्या रुग्णाला पूर्ण डोस कधीच परवडणार नाही, त्याच्या हाती काहीतरी ठोस आलं. असा प्रश्न कंपनी विचारत नाही. तो विचारायला परळचं सरकारी पैशावर चालणारं रुग्णालयच लागलं.

इथे मला एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायची आहे. हे वाचून कुणीही आपली गोळी अर्धी करू नये. इंटरफेरॉनचा हिशेब इमॅटिनिबला लागू होत नाही. इमॅटिनिबला दोषी प्रथिन सतत दाबून धरावं लागतं, पकड सुटली की पेशी वाढू लागते. लंडनमध्ये ८७ रुग्णांच्या गोळ्यांच्या डब्यांना टोपण उघडलं की नोंद करणारी चिप बसवून पाहिलं गेलं. ठरलेल्यापैकी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत रोग खोलवर दबण्याची शक्यता ९४.५ टक्के होती. त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४ टक्के. इंटरफेरॉनलाही तळ आहेच. हेअरी सेल ल्युकेमियात रूढ डोसाचा दहावा हिस्सा देऊन पाहिला, तेव्हा प्लेटलेट सुधारल्या, त्रास कमी झाला, पण रोगी पेशी तितक्या हटल्या नाहीत. प्रत्येक औषधाचं उत्तर वेगळं आहे, आणि ते अंदाजाने मिळत नाही. रीतसर चाचणी लागते, आणि चाचणीला पैसा लागतो.

पैसा कुठून आणायचा, याचं एक चांगलं उदाहरण इटलीने घालून दिलं आहे. तिथे औषध कंपन्या डॉक्टरांपर्यंत पोचण्यासाठी जाहिरात-प्रसिद्धीवर जो खर्च करतात, त्याच्या ५ टक्के रक्कम त्यांना सरकारी औषध नियामकाकडे भरावी लागते. त्यातून कंपन्यांना रस नसलेलं संशोधन आणि दुर्मिळ आजारांची औषधं यांचा खर्च निघतो. आपण हे का करू नये, याचं समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या नव्या रूपाला पेटंट नाकारलं आणि स्वस्त गोळ्यांचा रस्ता मोकळा ठेवला. ती लढाई किमतीची होती, आणि ती लढलो हे आपल्याला भूषणावह आहे. पण गोळीची किंमत निम्मी करणं आणि निम्म्या गोळीत भागतं हे सिद्ध करणं, रुग्णाच्या खिशाला दोन्ही सारखंच. दुसऱ्या वाटेने तर औषधाचा त्रासही घटतो.

त्यासाठी लागणारी यंत्रणा आपल्याकडे उभी आहे. २०१२ पासून टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली शेकडो केंद्रं आहेत. ती एकत्र येऊन औषधांची खरेदीही करतात. जिथे खरेदी एकत्र होते, तिथे चाचणीही एकत्र होऊ शकते. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली कर्करोगाच्या उपचाराचा खर्च सरकार उचलतं, म्हणजे कमी डोस पुरला तर वाचणारा पैसाही सरकारचाच.

पहिली चाचणी कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी दासॅटिनिबची सांगेन. नव्याने निदान झालेले सीएमएलचे रुग्ण, निम्म्यांना १०० मिलिग्रॅम, निम्म्यांना ५०. दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची, म्हणजे रक्तात रोग किती उरला हे मोजणारी, तपासणी सगळ्यांना मोफत, कारण आज अनेक जण गोळी घेतात पण काही हजारांच्या या तपासणीपाशी अडतात. ५० वाल्यांपैकी ज्याचा आकडा ठरलेल्या वेळेत खाली येणार नाही, त्याला लगेच १०० वर न्यायचं. गोळी भारतातच बनते, तपासणी भारतात होते, रुग्ण आपल्याच वॉर्डात आहेत. आणि उत्तर '१०० च लागतात' असं आलं, तर तेही तितक्याच ठळकपणे छापायचं आणि योजनेने १०० चे पैसे बिनतक्रार द्यायचे.